निजलेल्या पायाचं माप

दुकानात कुणी शिरलं की आबा त्याच्या तोंडाकडे बघत नसत. खाली मान घालून बसलेले असत, तिथूनच पाय बघत. मग नजर हळूहळू वर यायची, गुडघा, हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. तोपर्यंत गिऱ्हाईक अवघडून जाई. काही जण पाय मागे ओढून घेत. एकदा एका मास्तरांना त्यांनी वर न बघताच विचारलं, "डावीकडे पडला होता का मागच्या महिन्यात?" मास्तर चपापले. म्हणाले, "घरी कुणाला सांगितलेलं नाही हो. तुम्हाला कुणी सांगितलं?" आबा म्हणाले, "तुमच्या करंगळीनं. ती अजून रडते आहे."

त्यांच्याकडे मी अकरा वर्षं शिवणाच्या मशीनवर बसले. धुळ्यात, बाजाराच्या मागच्या एका बोळात दुकान. पुढे आबा, मग पडदा, आणि पडद्यामागे मी. बुटाच्या वरच्या भागाचे चामड्याचे तुकडे एकमेकांना शिवायचे, हे माझं काम. अनोळखी माणसापुढे मला बोलता येत नाही. चौथीच्या वर्गात हजेरीला नाव घेतलं तरी घसा सुकायचा, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. आबांनी पहिल्या दिवशी मला दोन प्रश्न विचारले. मी दोन्हींना मान हलवली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर दुकानात मधोमध पडदा लागलेला. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणत.

आबा फक्त गाडीवर फिरणाऱ्यांचे बूट बनवत. दूधवाले, लाईनमन, औषधांच्या कंपन्यांचे फिरते लोक, खेड्यापाड्यांत लग्नाचे फोटो काढणारे. दुकानासमोर इंजिन बंद पडलेली एक जुनी मोटारसायकल दुहेरी स्टँडवर उभी असायची. बोळातले लोक तिला आबांचा घोडा म्हणत. बूट घालून कुणी दुकानात चालायला लागलं की आबा म्हणायचे, "चालता काय? चालायला घेताय का? बसा घोड्यावर." मग तो माणूस भर बाजारात, जागेवरून न हलणाऱ्या गाडीवर बसून गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, दोन्ही पाय जमिनीला लावायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "कुठपर्यंत आले पाहुणे?" आबांना हसू यायचं नाही. त्यांची नजर घोट्यावर असायची. उभं असताना झाकलेला घोटा बसल्यावर उघडा पडतो, असं ते म्हणत, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. बुटाचं टोक गिअरच्या खाली सहज जातं की अडतं, तेही बघायचे. अडलं की बूट परत माझ्याकडे यायचा.

फोनवर मागवलेले बूट घेऊन एक जण आला होता. दिसायला भारी, वर कसल्या कसल्या पट्ट्या. नुसती टाच थोडी चावते, तेवढी ढिली करून द्या म्हणाला. आबांनी बूट दोन्ही हातांत धरला आणि ओलं धोतर पिळतात तसा पिळला. तळवा पार वळून गेला. तो माणूस लाल झाला. म्हणाला, "अहो, नवा बूट आहे तो." मी मशीन थांबवली. वाटलं आता हात उगारतो. आबा शांतपणे म्हणाले, "मी म्हातारा माणूस. माझ्या हातानं एवढा वळला. गाडी पायावर पडली म्हणजे ती किती वळवील?" तो बूट उचलून निघून गेला. आठवड्यानं परत आला, तेव्हा पायात चप्पल होती, आणि तो सरळ घोड्यावर जाऊन बसला.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या डाव्या पायात होतं. त्या पायाचा घोटा वळत नसे. तरुणपणी पिंपळनेरच्या बाजाराहून येताना गाडी घसरली आणि पाय खाली सापडला. ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकली. पायाबद्दल ते फार बोलले नाहीत, चपलेबद्दल बोलले. "चप्पल उडीसन दूर जाई पडनी. उचलीसन देखी ते तिले वरखडा बी नव्हता. पाय चुरा व्हई गया, आन चप्पल नवी कोरी."

मापाचे त्यांचे नियम कडक होते. माप संध्याकाळी द्यायचं, कारण दिवसभर फिरलेला पाय सकाळच्या पायापेक्षा मोठा असतो. मोजे घालून द्यायचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, आणि गिऱ्हाइकानं त्यावर उभं राहायचं. "दोन्ही पायांवर उभे राहा," हे त्यांचं वाक्य मी पडद्यामागून हजारदा ऐकलं असेल. एका पायावर भार टाकून कुणी उभा राहिला की पेन्सिल थांबायची. माणूस सरळ होईपर्यंत ती पुढे सरकत नसे.

आमचे हे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. कुसुंबा, साक्री, पार पिंपळनेरपर्यंत, रोज मोटारसायकलवर, मागे हत्यारांची पिशवी. आणि पायात चप्पल. मला रोज सकाळी ती चप्पल दिसायची आणि दिवसभर मी दुसऱ्यांच्या पायांसाठी चामडं शिवायची. संध्याकाळी गाडीचा आवाज अंगणात येऊन थांबला की माझा जीव जागेवर यायचा. मी त्यांना बुटाचं म्हणायचे, ते हसण्यावारी न्यायचे. "दिवसातून दहा उंबरे ओलांडतो. विहिरीवर गेलं की पायताण काढ, घरात चहाला बोलावलं की काढ. नाड्या सोडण्यातच दिवस जाईल माझा." मी हे आबांना सांगितलं. ते दोन दिवस विचार करत होते. मग नाडीऐवजी दोन रुंद पट्ट्यांचा बूट त्यांनी कागदावर काढला. पट्टे बाहेरच्या बाजूनं बंद होणारे, बसल्या बसल्या उघडता येणारे, पण घोट्याला घट्ट धरणारे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. जावयाला वाण द्यायचा महिना. माझे वडील मी लहान असतानाच गेले, हे आबांना ठाऊक होतं. म्हणाले, "अक्का, जवाईले आठे दुकानात धाडी दे. तुना बाप नही, ते वाण मी देस. बूट देस."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "आबा माप घेताना पाय हातात घेतात ना?"

"घेतात."

"मग मी नाही यायचो. वडिलांच्या वयाचा माणूस खाली बसून माझा पाय धरणार? आणि वर सासऱ्यानं जावयाला पायताण दिलं, म्हणून गावाकडे हसतील ते वेगळंच."

मी चार दिवस मागे लागले. नाही म्हणजे नाही. महिना सरत आला होता. एका दुपारी हे जेवून जमिनीवर निजले, पाय भिंतीकडे. मी वर्तमानपत्र आणलं, एका पाटावर ठेवून तळव्याला लावलं आणि पेन्सिल फिरवली. हे जागे झाले नाहीत. दुसऱ्या पायाचंही घेतलं. करंगळीपाशी रेघ दोनदा ओढावी लागली.

आबांपुढे कागद ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितलं, टाचेच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "उभा ऱ्हाईसन लिधं का माप?"

मी मान हलवली. हो म्हणून.

आबांनी माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

ते बूट मी शिवले. एवढा बारीक टाका मी कधी घातला नव्हता. आबांनी टाचेत आणि टोकाला कडक चामड्याचे दोन थर दिले. डाव्या बुटाला गिअरच्या जागी वेगळा तुकडा लावला. वाणाच्या दिवशी ते आमच्या घरी आले, ताटात अनारसे आणि ताटाशेजारी बूट. ह्यांनी बूट घातले, आबांच्या पाया पडले. आबांनी विचारलं, "चावस का कोठे?" हे म्हणाले, "नाही आबा. एकदम बरोबर." आबा खाली वाकून अंगठ्याची जागा दाबायला गेले, तर ह्यांनी पाय झटकन मागे घेतला.

त्या दिवसापासून हे रोज सकाळी बूट घालून निघायचे आणि संध्याकाळी बूट घालूनच परत यायचे. बारा-तेरा दिवस. माझी छाती हलकी झाली होती. संध्याकाळी बूट काढताना हे तोंड जरा वाकडं करायचे, ते मी उन्हावर ढकललं.

मग एका दुपारी दुकानात माझा फोन वाजला. अनोळखी माणूस. म्हणाला, "तुमचा माणूस पडलाय, ट्रॅक्टरला चुकवताना. पायाला लागलंय. साक्रीच्या दवाखान्यात नेतोय." पुढे तो काय बोलला ते कळलं नाही. मला एकच विचारायचं होतं, पायात बूट होते का. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यानं दोनदा हॅलो म्हटलं आणि फोन ठेवला.

पडदा बाजूला करून मी बाहेर आले. आबांना कसंबसं सांगितलं. साक्रीच्या बसला अजून वेळ होता. आबांनी स्वतःची गाडी काढली, हेल्मेट घातलं. मी मागे बसायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. परत दुकानात गेले आणि फळीवरून एक जोड घेऊन आले.

"घाल."

"आबा, उशीर होतोय."

"घाल पहिले."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या माणसाचा पाय तिकडे कसा आहे ठाऊक नाही, आणि हा म्हातारा मला बूट घालतो आहे. बोळातली माणसं बघत होती. आबा पायरीपाशी खाली बसले, माझा पाय हातात घेतला, बुटात सरकवला, पट्टे ओढले. मग दुसरा. मग पदर आवळून कमरेला खोचायला सांगितलं. तेव्हाच गाडी सुरू केली. आमच्या ह्यांना जे जमलं नाही ते मला त्या घडीला करावं लागलं. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातात पाय द्यावा लागला. आणि एक सांगते, त्यात लाज वाटायला वेळच मिळाला नाही.

साक्रीचा रस्ता तेव्हा खणून ठेवलेला होता. बाजूला खडी, मधून ट्रक. ऊन असं की डांबर चिकटत होतं. आबांचा डावा घोटा वळत नसल्यामुळे गिअर टाकताना ते गुडघ्यापासून पूर्ण पाय उचलत, आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी डुलायची. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मनात एकच चाललं होतं. बूट होते, सकाळी मी स्वतः बघितले, घालून गेले. बूट होते म्हणजे पाय शाबूत असेल. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, ते माप.

तोंड दिसत नसलं म्हणजे मला बोलता येतं, हे त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "आबा, ते माप मी हे निजलेले असताना घेतलं."

वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नसावं. आता परत सांगायचं, आणि मोठ्यानं. मी ओरडून सांगितलं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी काही बोलले नव्हते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं वळून बघितलं.

कुसुंबा मागे पडल्यावर आबांनी गाडी जरा हळू केली.

"माले मालूम व्हतं."

मी सीटची कडी घट्ट धरली.

"टाच गोल व्हती. उभा माणूसनी टाच पसरस. ती नव्हती पसरनी." थोड्या वेळानं म्हणाले, "मी अंदाजानी जागा जास्ती सोडी. कमी पडनी व्हई."

"मग तुम्ही परत विचारलं का नाही, आबा?"

एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, गाडी रस्त्याच्या कडेला झुकली, त्यांनी ती सावरली. मग म्हणाले, "तू मान हालाई. दुसरांदा इचारतू ते तू खोटी पडती. तुले लाज वाटीन म्हनीसन मी गप ऱ्हायनू." आणि नंतर, अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच, "दुसरा कोणी ऱ्हाता ते मी कागद फाडी टाकता."

दवाखान्याच्या आवारात ह्यांची गाडी उभी होती. कुणीतरी टेम्पोत घालून आणलेली. हँडल वाकलेलं, पुढचा दिवा फुटलेला. आणि वाकलेल्या हँडलला दोन्ही बूट लटकलेले, पट्ट्यात पट्टा अडकवून. त्यांना ओरखडा नव्हता. आबा तिथेच थांबले. त्यांनी एका बुटाच्या टोकाला हात लावला आणि काढून घेतला. त्यांना काय आठवलं ते मला ठाऊक होतं. मी आत पळाले.

उजव्या पायाची दोन बोटं गेली होती. घोट्याला टाके. बाकी पाय राहील, असं डॉक्टर म्हणाले. चप्पल पायातून निघून गेली आणि पाय गाडीच्या आणि खडीच्या मध्ये आला. हे शुद्धीवर होते. मला बघितलं, माझ्या मागे आबांना बघितलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

"पहिल्याच दिवशी चावले," ते भिंतीकडे बघूनच म्हणाले. "नाक्यापलीकडे गेलो की काढायचो, पिशवीतली चप्पल घालायचो. संध्याकाळी नाक्यावर परत घालायचो. सुजलेला पाय जात नव्हता आत, तरी घालायचो. तुझ्या हातचे होते."

खोलीत तिघंच होतो. ह्यांनी माझं मन दुखू नये म्हणून लपवलं, आबांनी मला लाज वाटू नये म्हणून, आणि खोटं बोलणारी मी तर पहिलीच. कुणाला कुणावर रागावता येईना. शेवटी आबाच खाटेच्या पायथ्याशी बसले आणि त्यांनी बँडेज बांधलेल्या पायाखाली आपला हात ठेवला. हे पाय मागे घेऊ शकत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी घ्यायचा प्रयत्नही सोडून दिला.

तीन-चार महिन्यांनी, दिवस मावळताना, आबा वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन आमच्या घरी आले. हे भिंतीला धरून उभे राहिले. आबा खाली बसले. "दोन्ही पायवर," म्हणाले. दुखऱ्या पायावर भार टाकताना ह्यांचा चेहरा ओढला गेला, पण त्यांनी भिंत सोडली. आबांनी पाय हातात घेतला. हे छताकडे बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी येत होतं. आबांनी रेघ ओढली, गेलेल्या बोटांच्या जागी थांबले, तिथे गादी भरायची खूण केली. तो जोड आमचे हे अजून वापरतात. तळवे दोनदा बदलले.

पुढे आबांची नजर गेली. रेघ दिसेना. एक दिवस गिऱ्हाईक कागदावर उभं असताना त्यांनी पेन्सिल पडद्याखालून आत सरकवली. "अक्का, ये भायेर. तू ले." मी आले. पायाकडे बघायचं असतं, तोंडाकडे नाही, त्यामुळे निभावलं. त्यानंतर मापं मीच घेत गेले. आबा शेजारी बसून फक्त ऐकायचे, माणूस भार कुठे टाकतो ते त्यांना आवाजावरून कळायचं. "डावीकडे झुकना तो," म्हणायचे. एका हिवाळ्यात, ते झोपेतच गेले. तिरडी बांधली तेव्हा त्यांच्या पायात काही नव्हतं. अकरा वर्षांत मी त्यांना अनवाणी बघितलं नव्हतं. डाव्या पायाचा घोटा केवढा वाकडा होता, ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आता दुकानात पडदा नाही. परवा एक नवी नवरी आली. नवरा दोंडाईचाकडे गाडीवर औषधं पोचवतो म्हणाली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता, त्यावर पेन्सिलीनं काढलेले दोन पाय. मी कागद उजेडात धरला. टाच गोल होती.

"उभं राहून घेतलं का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून.

मी कागद खाली ठेवला. घसा सुकला होता, अजून सुकतो. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा विचारलं.